गायरानावर जनावरं किती आणि कधी सोडायची? पावसाचा भरवसा नसलेल्या भागासाठी

माणगंगाकाठ
गाव माण तालुक्यात, पूर्व बाजूला. गायरान १५० एकर, बहुतेक हलकी मुरमाड जमीन, माती वीतभर असेल-नसेल. पाऊस एखाद्या साली ७०० मिमी, एखाद्या साली ३०० सुद्धा नाही. गावात शेळ्या-मेंढ्या ९००, गाई-बैल-म्हशी मिळून १०० मोठी. ग्रामसभेत दोन गट आहेत. एक म्हणतो पाच वर्षं सरसकट चराईबंदी करा, दुसरा म्हणतो गायरान जनावरांसाठीच आहे, बंदी कसली. मधला मार्ग आकड्यांत सांगता येईल का? जनावरं किती, कुठल्या महिन्यात, आणि पाऊस फसला तर काय? मोघम सल्ला नको, सभेत वाचून दाखवता येईल असं लिहा.

कुरणवही
आधी मोजमाप, मग वाद. गवत मोजायची पद्धत सोपी आहे.

लोखंडी गजाची १ मीटर बाय १ मीटर चौकट करून घ्या. गायरानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरळ रेषेत चालायचं आणि दर ५० पावलांवर चौकट टाकायची. चांगलं गवत बघून टाकायची नाही, खडकावर पडली तरी ती धरायचीच. अशा किमान २० जागा घ्या. आतलं गवत विळ्याने जमिनीलगत कापा. टाकळा, तरवड, गाजरगवत बाजूला काढून टाका, ते जनावर खात नाही. राहिलेलं उन्हात ४-५ दिवस वाळवा, वजन घटायचं थांबलं की तोला. हिरवं तोलून हिशेब करू नका; फुलोऱ्यातल्या हिरव्या गवतात निम्म्याहून जास्त पाणीच असतं.

सरासरी ग्रॅम गुणिले ४ म्हणजे एकरी किलो. चौकटीत सरासरी ८० ग्रॅम आलं तर एकरी ३२० किलो वाळलेलं गवत. चरून चरून थकलेल्या माळावर मध्यम पावसाला साधारण एवढंच निघतं. त्याच माळाला चार-पाच वर्षं नीट विसावा मिळाला तर दुप्पट-तिप्पट व्हायला हरकत नाही.

हे मोजमाप हस्त नक्षत्रात करा, म्हणजे सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. वाढ तेव्हा पुरी झालेली असते आणि कुसळं अजून सुटलेली नसतात. मोजायच्या जागा मात्र आषाढातच काट्यांनी झाकून ठेवा, नाहीतर मोजाल ते चरून उरलेलं.

माणगंगाकाठ
धन्यवाद. ८० ग्रॅम धरून पुढचा हिशेब मांडता का?

कुरणवही
मांडतो.

१५० एकर × ३२० = ४८,००० किलो. यातलं ४० टक्केच जनावरांचं. उरलेलं ६० टक्के गवताचं स्वतःचं आहे: बी, पुढच्या साली फुटायला बुडख्यातला साठा, आणि माती झाकायला पालापाचोळा. म्हणजे हातात १९,२०० किलो.

३० किलोची मेंढी दिवसाला साधारण १ किलो कोरडा चारा खाते, म्हणजे १९,२०० मेंढी-दिवस. ३०० किलोचं मोठं जनावर वजनाच्या अडीच टक्के धरलं तर साडेसात किलो खातं, म्हणून १ मोठं = ७ मेंढ्या असं धरू. तुमच्या गावचं खातं ९०० + ७०० = १,६०० मेंढ्यांचं. १९,२०० भागिले १,६०० = १२ दिवस.

होय, बारा. गावातली सगळी जनावरं गायरानावर जगवायची म्हटली तर मध्यम सालात ते बारा दिवस पुरतं. त्यापुढे चरतात ते गवताचं भांडवल. सभेत हा एक आकडा आधी वाचा. 'बंदी की मोकळीक' हा वादच मग चुकीच्या जागी चाललाय हे दिसेल.

बांधावरचा
बारा दिवस वाचून धक्का बसला, पण आकडा बरोबर आहे. फक्त भर घालतो. पाऊस फसला आणि एकरी १४० किलोच आलं तर हाताशी ८,४०० मेंढी-दिवस. बरसला आणि ६०० आलं तर ३६,०००. चार महिन्यांच्या चराईला अनुक्रमे ७०, १६० आणि ३०० मेंढ्या. तिघांची सरासरी काढून 'पावणेदोनशे सोडा' असं ठरवलं की फसगत झाली. फसलेल्या सालात ७० च्या जागी १७५ मेंढ्या चरतात आणि नेमक्या त्याच साली गवताची मुळं आधीच अशक्त असतात. पुढच्या साली पाऊस चांगला पडला तरी बुडखे मेलेले, जागा टाकळ्याने घेतलेली. माळ सरासरी पावसाने बिघडत नाही, वाईट सालात उपसल्याने बिघडतो.

म्हणून कायमचा कळप वाईट सालाच्या जवळपास ठेवायचा, चांगल्या सालात वरचे नर कोकरू-बोकड वाढवून विकायचे. घट-वाढ त्यांच्यात करायची, पैदाशीच्या माद्यांत नाही.

वाडा_फिरस्ता
हिशेब छान आहे, पण मेंढपाळाच्या बाजूने वाचा. वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते कळप, दिवाळीनंतर खाली उतरतात, कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्यात, शेतात मेंढ्या बसवायला. परततात वळवाच्या आसपास. म्हणजे मेंढरं गावात असतात ती जून ते ऑक्टोबर, आणि तुम्ही गवत वाढवायला बंद करणार तेही जून ते ऑक्टोबर. चराईबंदीचा सगळा भार नेमका मेंढपाळावर पडतो, गोठ्यातल्या म्हशीवाल्यावर नाही. म्हशीवाला गवत कापून नेतो आणि वर पर्यावरणाचं भाषण देतो. आधी हे मान्य करा, मग बंदीचं बोला.

कुरणवही
मान्य, आणि म्हणूनच सरसकट बंदीचा मी तरी पुरस्कर्ता नाही. हिवरे बाजारला चराईबंदीने माळ फुलला हे खरं. पण तिथे त्याबरोबर कुऱ्हाडबंदी होती, पाणलोटाची कामं होती, गवत कापून न्यायची सोय होती आणि गावाने गोठ्यातल्या दुभत्या जनावरांची वाट धरली. फिरत्या मेंढरांच्या गावाला ते जसंच्या तसं लागू होत नाही.

चार कप्पे करा, साधारण ३७-३७ एकरांचे. अ, ब, क, ड.

अ कप्पा: पहिल्या पावसापासून मेंढरांना मोकळा. या साली तो मार खाणार हे धरूनच चालायचं.

ब: मघा नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद. मग मेंढरं आत, पण तारखेवर नाही, उंचीवर. गवत वीतभर झालं की आत, चार बोटं उरलं की बाहेर. चार बोटं ही मनगटाच्या बाजूने नाही, बोटं आडवी धरून, म्हणजे ७-८ सेंमी.

क: कापणीचा, मोठ्या जनावरांसाठी. हस्तात फुलोरा येताच कापायचं, इथेही चार बोटं बुडखा ठेवून.

ड: बी झडेपर्यंत पूर्ण बंद. दिवाळीनंतर वाळलेलं गवत चरायला हरकत नाही. उलट खुरांनी बी मातीत दबतं.

पुढच्या साली अ चा ड होतो, ड चा क, क चा ब, ब चा अ. मार खाल्लेल्या कप्प्याला लगेच पूर्ण विसावा, हे यातलं मर्म. ही फिरवाफिरव केल्याने गवत आपोआप दुप्पट होतं असा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका. जगभरच्या प्रयोगांत तसं ठामपणे दिसलेलं नाही. जनावरांची संख्या हाच मोठा घटक. कप्पे हे विसावा कुणाला, कधी एवढं सांगण्यापुरते.

वाडा_फिरस्ता
३७ एकरांत ९०० मेंढरं दोन महिने? आठवड्यात खडक उघडा पडेल.

कुरणवही
एकट्या अ कप्प्यावर नाहीच भागणार. रब्बी ज्वारीची रानं उत्तरा-हस्तात पेरणी होईपर्यंत मोकळी असतात, त्यातलं तण, बांध, ओढ्याची कड. ग्रामसभेने कप्प्यांबरोबर हेही ठरवावं: ज्यांची रब्बीची रानं मोकळी त्यांनी जून-ऑगस्टात मेंढरं येऊ द्यायची, बदल्यात लेंडीखत मिळतं. पेरणीपूर्व पाळी घालायच्या आधी मेंढरं बसवली तर शेतकऱ्याचाही फायदाच. लेखी ठरवा, तोंडी ठरलेलं पेरणीच्या तोंडावर फिसकटतं.

डोंगरी_पवना
सगळं ठीक, पण गवत कोणतं आहे हे कुणी विचारलं नाही. नुसत्या किलोने भागत नाही.

मुरमाड माळावर चांगली स्थिती म्हणजे पवना, डोंगरी, मारवेल. चराई वाढली की आधी हे गोड गवत जातं, कारण जनावर तेच निवडून खातं. मग कुसळी वाढते. कुसळी कोवळी असेपर्यंत जनावर खातं, पण कुसळ धरल्यावर ते लोकरीत, कातडीत, तोंडात घुसतं. मेंढीच्या मांडीची कातडी उलटी करून बघा, काळे टोकदार बिंदू दिसतात. कातडीचा भाव तिथेच पडतो. त्याहून बिघडलं की वर्षायू बारीक कुसळगवत आणि टाकळा. टाकळा दाट दिसला की समजा गवताची पाळंमुळं जागा सोडून चालली आहेत.

टाकळा फुलायच्या आत उपटा, श्रावणात. एकदा शेंगा तडकल्या की बी वर्षानुवर्षं जमिनीत राहतं. गाजरगवतही तसंच, पण ते हातमोजे घालून. उघड्या हाताला खाज-पुरळ येतं.

माणगंगाकाठ
ताई, नवीन गवत पेरायचं असेल तर?

डोंगरी_पवना
जिथे चौकटीत जुन्या गवताचे चार-पाच तरी जिवंत बुडखे दिसतात तिथे पेरू नका, नुसतं बंद ठेवा, फुकटात होतं. जिथे उघडा मुरूम आहे तिथेच पेरा.

अंजन गवताचं बी मागच्या सालचं घ्या. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, सहा-आठ महिने ठेवल्याशिवाय नीट उगवत नाही. गेल्या दिवाळीत झोडपलेलं बी यंदा मृगात, हे गणित बसतं. एकरी दोन किलो पुरे. बी केसाळ आणि हलकं, वाऱ्याने उडतं, मुंग्या नेतात. म्हणून गोळ्या करायच्या: बी १ भाग, शेणखत १, चिकणमाती ३, वाळू १, पाणी बेताचं, हरभऱ्याएवढ्या गोळ्या सावलीत वाळवा. उताराला आडव्या, दोन-अडीच फुटांवर उथळ ओळी काढून त्यात टाका. वर माती एक सेंमीच. खोल गेलं की संपलं. बहुतेक पेरण्या फसतात त्या याच कारणाने, आणि दोष बियाण्याला जातो.

मारवेलचं बी गोळा करत बसण्यापेक्षा ठोंब लावा. पाऊस चांगला बसल्यावर, सलग दोन-तीन दिवस झड असताना. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे मारवेल आणि मद्रास अंजनचे सुधारित वाण आहेत, तिथे चौकशी करा.

सोबतीला स्टायलो, हे द्विदल, गवताला नत्र देतं. बी कठीण कवचाचं असतं: ८० अंशाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं, मग गार पाणी. पाणी उकळतं नको, बी शिजतं.

पेरलेला तुकडा पहिलं साल पूर्ण बंद. दुसऱ्या साली फक्त कापणी. जनावर तिसऱ्या साली. आधी सोडलं तर मेंढी ओढून मुळासकट उपटते, दाताने कापत नाही.

सरपंचांचा_भाचा
पंचायतीत सलग समतल चरांचं काम मंजूर होतंय. मशीन लावून पूर्ण गायरानावर ओढले तर पाणी मुरेल ना?

डोंगरी_पवना
पूर्ण गायरानावर अजिबात नको. वीतभर मातीच्या माळावर मशीनने चर काढले की गवत धरून असलेली तीच वीतभर माती उलटी होते आणि खालचा मुरूम उरलेल्या गवतावर पडतो. दोन फूट रुंद, एक फूट खोल चराची भर मिळून तीन-चार फुटांचा पट्टा मेला. दर दहा मीटरवर असा पट्टा म्हणजे दहावा हिस्सा गवत आपल्या हाताने घालवलं. चर काढायचे ते वरच्या उघड्या, धूप झालेल्या उतारावर. सपाट गवताळ भागात बैलाच्या नांगराची एक सरी समपातळीत पुरते.

आणि चरांच्या भरावर गिरिपुष्प, सुबाभूळ दाटीने लावायचा मोह टाळा. सावलीत हे गवत वाढत नाही. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. एकरी चार-पाच हिवर, बोर, बाभूळ पुरेत; उन्हाळ्यात शेंगा-पाला शेळ्यांना आणि दुपारची सावली. वेडी बाभूळ शिरली असेल तर शेंगा धरायच्या आत मुळासकट काढा, शेंगा खाऊन जनावरंच तिचं बी पसरवतात.

पशुवैद्य_जत
गवताचं झालं, आता जनावराचं.

१) आंत्रविषार. वळवानंतर कोवळं गवत एकदम मिळालं की सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. लस पावसाआधी, मे महिन्यात. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. लस दिली तरी पहिले आठ-दहा दिवस सकाळी थोडा वाळला चारा देऊन मगच हिरव्यावर सोडा. मोठ्या जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लसही त्याच सुमारास.

२) जंत. 'चार बोटं' हा नियम गवतासाठी म्हणून सांगितलाय, पण तो मेंढीच्याही कामाचा. पोटातल्या रक्तपित्या जंताच्या अळ्या गवताच्या बुडाशी, खालच्या पाच सेंमीत जास्त असतात. बुडापर्यंत चरणारी मेंढी अळ्याच गिळते. सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजू नका, औषध लागू पडेनासं होतं. खालची पापणी अंगठ्याने ओढून बघा: लालबुंद असेल तर सोडा, फिकट गुलाबी असेल तर नजर ठेवा, पांढरट असेल तर त्याच मेंढीला पाजा. जबड्याखाली पाणी उतरलं असेल तर उशीर झालाय, लगेच दवाखाना. एरवी औषध दोन वेळा, पावसाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास.

३) ज्वारी. पाऊस ओढ देतो तेव्हा सुकलेल्या कोवळ्या ज्वारीत आणि कापणीनंतरच्या फुटव्यात विष साठतं. गुडघाभर वाळकुडी ज्वारी दिसली की रानात घुसलेलं जनावर अर्ध्या तासात कोसळतं: धाप, थरथर, डोळ्याची आतली त्वचा लालभडक. घरगुती उपायात वेळ घालवू नका, सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन हाच उतारा आणि तो पशुवैद्याच्या हातून. फुलोऱ्यावर आलेली, चांगली भिजलेली ज्वारी सुरक्षित.

४) टंचाईत उसाचे वाढे. त्यात ऑक्झॅलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं. नुसत्या वाढ्यांवर म्हैस महिनाभर ठेवली की दूध आटतं, गाभण असेल तर विताना अडचण. वाढे निम्म्याहून जास्त नकोत, सोबत कडबा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. मेंढीला १० ग्रॅम.

बांधावरचा
वाळल्या गवताचं काय, डॉक्टर? क कप्प्याचं कापलेलं फेब्रुवारीपर्यंत काडीच होतं.

पशुवैद्य_जत
फुलोऱ्यात कापलं तर एवढं काडी होत नाही. डिसेंबरात कापलेलंच काडी होतं. त्यावर युरिया प्रक्रिया: १०० किलो वाळलं गवत किंवा कुट्टी, ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत झारीने शिंपडा, पायाने तुडवा, वर प्लॅस्टिक घट्ट, कडेला माती. २१ दिवस उघडायचं नाही. उघडल्यावर तासभर पसरून वास जाऊ द्या, मगच द्या, आणि पहिले पाच-सहा दिवस थोडं थोडं. गोळी न विरघळता तशीच राहिली आणि जनावराने चाटली की विषबाधा. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि घोड्याला हा चारा द्यायचा नाही. युरियाचं पाणी भरलेली बादली गोठ्यात उघडी ठेवू नका. दुर्घटना बहुतेक तिथेच होतात, चाऱ्याने नाही.

माणगंगाकाठ
पाऊस फसतोय हे कळायचं कधी? ऑक्टोबरात मोजून कळलं तर बाजार आधीच पडलेला असतो.

बांधावरचा
बरोबर. म्हणून दोन तारखा ठरवा.

पहिली: आश्लेषा संपताना, १५ ऑगस्टच्या सुमारास. बंद कप्प्यातलं गवत चार बोटांच्या वर गेलं नसेल तर म्हाताऱ्या, दात गेलेल्या, दोन वेळा गाभण न राहिलेल्या मेंढ्या आणि सगळे नर त्याच पंधरवड्यात विका. कळपाचा साधारण तिसरा हिस्सा यात निघतो. अजून सगळ्यांनी विकायला काढलेलं नसतं, भाव बरा असतो.

दुसरी: हस्त संपताना, चौकट मोजून झाल्यावर. तेव्हा वर्षाचे मेंढी-दिवस नक्की कळतात. कमी पडणारा चारा किती, तो विकत घ्यायचा, की वाडे पंधरा दिवस आधी हलवायचे, याचा निर्णय तिथे.

माणमध्ये पावसाचा बराचसा भाग सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, म्हणून पहिल्या तारखेला घाबरून पैदाशीच्या चांगल्या माद्या विकू नका. नंतर उत्तरा बरसली तर कळप पुन्हा उभा करायला दोन-तीन वर्षं जातात. चारा छावण्यांचा भरवसाही धरू नका. त्या मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी आणि उशिरा उघडतात.

सरपंचांचा_भाचा
राखणदाराचा पगार कुठून? आणि शेजारच्या गावची जनावरं घुसली तर?

कुरणवही
पगार क कप्प्यातून. विळा-पास काढा: घरटी एक विळा, ठरलेले दिवस, ठरलेली रक्कम. भूमिहीन घरांना निम्मी. भाऱ्यावर मोजणी ठेवली की रोज भांडण, विळ्यावर ठेवली की हिशेब सोपा.

घुसखोरीला कोंडवाडा. पण आधी शेजारच्या ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि त्यांच्या जनावरांची पाण्याची वाट गायरानातून जात असेल तर ती मोकळी ठेवा. पाण्याची वाट अडवली की कुंपण एका रात्रीत जातं.

पाण्यावरून आठवलं: हौद सगळ्यात उजाड कोपऱ्याजवळ बांधू नका. जनावर पाण्याभोवतीच रेंगाळतं, तिथलं गवत मरतं. खडक उघडा पडलाय अशाच ठिकाणी हौद, आणि मिठाची चाटण वीट दुसऱ्या टोकाला.

वाडा_फिरस्ता
'उजाड कोपऱ्याजवळ नको' आणि 'खडक उघडा पडलाय तिथे' हे उलटसुलट झालं.

कुरणवही
बरोबर पकडलंत. उजाड पण माती असलेला कोपरा सुधारण्याजोगा असतो, तिथे नको. निव्वळ पाषाण आहे तिथे हौद, कारण तिथे तुडवून बिघडण्यासारखं काही नाही.

डोंगरी_पवना
वणव्याचं राहिलं. ड कप्प्यात गवत उभं राहणार, डिसेंबरपासून ते बारूद. कप्प्याच्या कडेने दहा फुटांचा पट्टा नोव्हेंबरातच कापून झाडून काढा, रस्त्याच्या बाजूला वीस फूट. 'जाळलं की नवं चांगलं फुटतं' म्हणून फेब्रुवारीत काडी लावणारे प्रत्येक गावात असतात. फुटतं खरं, पण मुळातला साठा खर्चून, आणि जूनपर्यंत माती उघडी. वळवाची पहिली सर ती घेऊन जाते.

माणगंगाकाठ
कप्प्यांचा नकाशा आणि बारा दिवसांचा हिशेब फळ्यावर लावतो. एक शंका उरली: गायरानाचा काही भाग सौर प्रकल्पाला मागितलाय. २० एकर गेले तर?

बांधावरचा
१३० एकर × ३२० × ४० टक्के = १६,६४० मेंढी-दिवस. बाराचे साधारण साडेदहा दिवस होतात. पण कुठले २० एकर हे बघा. सपाट, खोल मातीचे गेले तर नुसत्या क्षेत्रफळापेक्षा नुकसान जास्त, कारण वाईट सालात गवत तिथेच टिकतं. प्रत्येक कप्प्याचा चौकटीचा आकडा वेगळा लिहून ठेवा. ग्रामसभेच्या ठरावात तो जोडला की कुठली जमीन द्यायची नाही हे कागदावर येतं. आणि ठराव व्हायच्या आधी सातबाऱ्यावर 'गायरान' किंवा 'गुरचरण' अशी नोंद किती गटांना आहे ते तलाठ्याकडून काढून घ्या. काही गावांत निम्मी जमीन वापरात गायरान, कागदावर वेगळीच असते.

माणगंगाकाठ
सातबारे मागवतो. चौकटीला गज किती मिमीचा घ्यायचा?

कुरणवही
८ मिमी पुरे. चार मीटर लागतो. एका कोपऱ्याला वेल्डिंग न करता कडी ठेवा, म्हणजे तरवडाच्या झुडपाभोवती उघडून घालता येते.